किमतीचा रकाना

सकाळी आठला संदर्भग्रंथांच्या आलमारीचं कुलूप काढलं की तो एकेका पुस्तकाच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा. बाजारात मडकं घेताना बायका वाजवून पाहतात ना, तसं. वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत, एकही न सोडता. शेवटचं पुस्तक वाजवून झालं की माझ्या टेबलाकडे न पाहताच म्हणायचा, "जाग्यावर हाये जी."

मी मान हलवायचो. मान हलवली नाही तर तो पुन्हा म्हणायचा. माझी मान हलल्याशिवाय आमचं वाचनालय उघडलं असं तो समजत नसे.

मी हिंगणघाटच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि तो परिचर. त्याचं नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता, पण खुर्चीत मी बसत असल्यामुळे मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला "सर" आणि "जी" म्हणायचा. इथेही एकेरीच लिहितो आहे. आता अहो-जाहो केलं तर ते मला शोभणार नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुठल्याही कचेरीत, शाळेत, दवाखान्यात असतात. हातात फडकं, खिशात किल्ल्या, आणि साहेबाला ठाऊक नसतं ते सगळं डोक्यात. सातवी शिकलेला हा माणूस अर्धवेळ म्हणून लागला आणि पूर्ण वेळ राबत अकरा वर्षं अर्धवेळच राहिला. इंग्रजी त्याला अक्षरं लावण्यापुरती यायची. तरी आमच्या आलमारीतलं त्याचं सर्वांत लाडकं पुस्तक इंग्रजी होतं.

ब्रिटनच्या इतिहासाचा तो संदर्भग्रंथ. उशीएवढा जाड. राजे, राण्या, लढाया, कायदे, गव्हर्नर, सगळे अकारविल्हे लावलेले. गावातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या जुन्या मॅनेजरचं कुटुंब गाव सोडून गेलं, तेव्हा जाताना ते पुस्तक वाचनालयाला देऊन गेलं. मी दाखल नोंदवहीत नोंद केली आणि किमतीच्या रकान्यात शिरस्त्याप्रमाणे एक शब्द लिहिला : भेट. भेट आलेल्या पुस्तकाला आमच्याकडे किंमत लिहीत नसत. हा रकाना लक्षात ठेवा.

त्याला त्या पुस्तकातली चित्रं पाठ होती. एक जाडा राजा त्याच्या मते सराफा ओळीतल्या एका शेठसारखा होता, आणि पांढऱ्या टोपातली एक म्हातारी राणी थेट त्याच्या मावससासूसारखी. कॉलेजचं पोरगं येऊन काही विचारू लागलं की तो आधी चौकशी करायचा, "लढाई पाहिजेन का कायदा? कायद्याच्या पानाईले फोटू नसते, टाइम लागन." आणि लढाई असेल तर तो पान काढून द्यायचा. खरंच द्यायचा. चित्रावरून.

"सर, एक गोष्ट सांगा," एकदा म्हणाला. "याईचे राजे एकाच नावाचे आठ-आठ काऊन हाये जी?"

"घराण्याची रीत असते."

"आपल्याकडबी आज्याचं नाव नातवाले ठेवते. पन नंबर नाई देत. रोल नंबर हाये का?"

दुसऱ्या एका दिवशी आलमारीला कुलूप लावताना मला किल्ली दाखवून म्हणाला, "दीडशे वर्सं त्याईनं आपल्याले कोंडून ठेवलं. आता राहू द्या त्याईले थोडे दिवस माह्या कुलपात." हा विनोद त्याला इतका आवडला की नवा सभासद आला की तो पुन्हा व्हायचा.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

माझा मोठा मुलगा त्या काळी नागपूरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. इतिहास त्याचा विषय. त्याने निरोप पाठवला की ब्रिटनच्या इतिहासाचं पुस्तक हवं आहे. संदर्भग्रंथ वाचनालयाबाहेर नेता येत नाही, हा नियम मीच सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावला होता. एका दुपारी मी आलमारी उघडली आणि तो ग्रंथ पिशवीत घातला. परिचर स्टुलावर चढून पंखा पुसत होता.

"सर, रजिस्टरात लिहून ठेवता का?"

"संदर्भग्रंथ बाहेर जात नाही. मग लिहू कुठे?"

तो स्टुलावरून खाली उतरला. "हे बी खरं हाये," म्हणाला. मग हळूच हसला. "म्हंजे इंग्रज पळाला जी."

"आठ दिवसांत परत येईल."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. मुलाला पत्र टाकलं की उत्तर यायचं, मित्राकडे आहे, आणतो. तेवढ्यात वार्षिक तपासणीचा कागद आला. तपासणीला येणारे अधिकारी पुस्तकं उघडत नसत, मोजत. खणात फट दिसली असती. मी परिचराला बोलावून सांगितलं, "त्या जागी काहीतरी बांधून ठेव. तेवढंच जाड. खाकी कव्हर घाल, नंबर चिकटव."

त्याच्या हातात बांधणीची कला होती. फाटकी पुस्तकं तो अशी शिवायचा की नवी वाटत. पण त्या दिवशी तो खळ कालवलेली वाटी घेऊन कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

"खोटं पुस्तक म्हंता, सर?"

"चार दिवसांसाठी."

"मले हे नाई जमत जी."

"जमतं. तुला सगळं जमतं."

वाचनालयात जुन्या पंचांगांचा गठ्ठा पडलेला होता. तो त्याने कापून, दाबून, शिवून घेतला आणि वर खाकी कागद चढवला. पाठीवर नंबर लावला. इंग्रजांच्या इतिहासाच्या पोटात आपली पंचांगं. हुबेहूब झालं होतं. तपासणी पार पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आलमारी उघडली. टकटक सुरू झाली. मी कान देऊन बसलो होतो. तिसऱ्या खणाच्या टोकाशी तो थांबला. मग त्या गठ्ठ्यावरही त्याने बोट वाजवलं, इतरांसारखंच, आणि पुढे गेला. पण शेवटी "जाग्यावर हाये जी" म्हणाला नाही. मी मान हलवली नाही. वाचनालय तसंच उघडलं.

त्यानंतर त्याच्या तोंडचं ते वाक्य मी वाचनालयात ऐकलं नाही.

वर्षभर तो गठ्ठा तिथे होता. कुणी पोरगं तो ग्रंथ मागायला आलं की "बाइंडिंगले हाये" असं त्याने म्हणावं, हेही मीच सांगितलेलं. खोटं बोलताना तो डाव्या हाताने किल्ल्या घट्ट धरायचा. त्या आवाज करू नयेत म्हणून असेल.

पुढच्या तपासणीला आलेले अधिकारी हौशी निघाले. वाचनालयाला मिळालेल्या भेटी दाखवा म्हणाले. आलमारीपाशी उभे राहून त्यांनी नंबर वाचला आणि नेमकं तेच ओढून काढलं. उघडलं. एकादशी, चतुर्थी, नक्षत्रं.

"हा कोणत्या राजाच्या काळातला इतिहास हो?"

वाचनालयाच्या समितीची मंडळी हसली. मीही हसलो. तो हसला नाही.

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. विषयपत्रिकेवर आधीपासूनच एक विषय होता : परिचरास कायम करण्याबाबत. अकरा वर्षांनी तो कागद तिथवर पोचला होता. त्यासाठी त्याने नवा पांढरा सदरा शिवून घेतला होता आणि तोच घालून तो दारापाशी उभा होता. सकाळी मी त्याला म्हणालो होतो, "तू काही बोलू नको. मी सांभाळतो."

"सांभाळा जी," तो म्हणाला. "पन कायमचं तेवढं पाहा."

अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते. त्यांना घाई होती. "पुस्तक हरवलं नं? किंमत पाहा, भरून घ्या, विषय संपवा. माणूस चांगला हाये. चला, पुढचा विषय."

मी नोंदवही उघडली. किमतीच्या रकान्यात लिहिलेलं होतं : भेट.

"मंग अंदाज सांगा न, ग्रंथपाल. तुमालेच कळते त्यातलं."

सभासदांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते मध्येच म्हणाले, "एक मिनिट. आलमारीच्या किल्ल्या किती?"

"दोन," मी म्हणालो. "एक याच्याकडे."

दुसरी कुणाकडे, ते विचारायला त्यांनी तोंड उघडलं होतं. त्या एका क्षणात मला एवढंच सुचलं, की या हरवण्याचा सर्वांत जास्त धक्का आपल्यालाच बसला आहे असं दिसलं पाहिजे. मी नोंदवही मिटली आणि म्हणालो, "किंमत कशी सांगू साहेब? तो ग्रंथ अमूल्य होता. आता मिळणं नाही."

मला तेव्हा वाटलं होतं, मी पुस्तकाचा मान राखला. खरं तर पन्नास रुपये म्हणालो असतो, शंभर म्हणालो असतो, तर तो त्याच दिवशी कायम झाला असता.

अध्यक्ष माझ्याकडे पाहत राहिले. "अमूल्य? मंग भरून काय घेता त्याच्याकडून?"

मुख्याध्यापकांना तो शब्द फार लागला. गंभीर होऊन म्हणाले, "ज्याची भरपाई होत नाही असा ग्रंथ याने घालवला. वर पंचांगं बांधून आपल्या डोळ्यांत धूळ फेकली. बांधणी याचीच आहे ना?"

"का रे, तूच बांधलं?" अध्यक्षांनी दाराकडे पाहून विचारलं.

"हो जी," तो म्हणाला. "बांधनी माहीच हाये."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत मास्तर पुढचं वाक्य सांगतील म्हणून मूल पाहतं, तसं. मी इतिवृत्त लिहीत होतो. खाली मान घालून लिहीत राहिलो. त्याला कमी करण्याचा ठराव माझ्याच अक्षरात आहे, आणि नोंदवहीतला शेराही : "परिचराच्या ताब्यातून गहाळ. अमूल्य."

जाताना त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "तिसऱ्या खनाले वाळवी लागू राह्यली जी," म्हणाला. "रॉकेल मारून घेजा."

चार महिन्यांनी मुलगा अभ्यास सोडून घरी परतला. परीक्षेत त्या पुस्तकातला एकही प्रश्न आला नाही, म्हणाला. त्याच्या पेटीच्या तळाशी तो ग्रंथ होता. धड, शाबूत.

त्याच सुमारास सोमवारच्या बाजारात आमचा तो परिचर मला भेटला. कापसाच्या हंगामात एका जिनिंगच्या फाटकावर बसायचा, एरवी वह्या-पुस्तकं बांधून द्यायचा. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "पुस्तक आलं." का सांगितलं, ठाऊक नाही. बहुधा थोडं हलकं व्हायचं होतं.

त्याचा चेहरा असा उजळला की मला तो पाहवेना. "आलं? मंग ठेवून देऊ न जी आलमारीत! मी येतो संग. सापडलं म्हनू. मांग पडलं होतं म्हनू. कोनाचं नाव नाई घेत मी."

"थोडं थांब," मी म्हणालो. "वेळ पाहून करू."

तुम्हाला वाटेल, पुस्तक बाहेर राहिलं ते माझं पाप. नाही. ते "थोडं थांब". अध्यक्ष बदलले की करू. मुलीचं लग्न झालं की करू. निवृत्तीचे कागद हातात आले की करू. प्रत्येक वर्ष सरलं की पुस्तक परत नेणं आणखी अवघड व्हायचं, कारण आता एवढी वर्षं ते कुठे होतं, हेही सांगावं लागलं असतं. पुस्तक लोखंडी पेटीत होतं आणि पेटीची किल्ली माझ्या जानव्याला. त्या पेटीत मीही होतो, असं म्हणणं नाटकी होईल. पण घरी कुणी पेटीवर बसलं तरी मला घाम फुटायचा.

तो मात्र वर्षातून तीन-चारदा भेटायचा. रस्त्यात, बँकेत, कुणाच्या तेरवीला. दर वेळी सायकल उभी करायचा, जवळ यायचा आणि हळूच विचारायचा, "जाग्यावर हाये नं जी?"

"आहे."

"वाळवी?"

"नाही."

"मंग ठीक हाये." आणि सायकलवर टांग टाकायचा.

सुरुवातीला मला वाटायचं, हा टोमणा आहे. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच चौकशी करत होता. त्या पुस्तकाची काळजी घेणारे जगात दोघेच उरले होते, आणि त्यातला एक मी होतो.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. मला पंधरा दिवसांनी कळलं. माझ्या नातवाने सहज मोबाइलवर शोधून दिलं, तर तेच पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ढिगाने विकायला होतं. पुस्तकापेक्षा पाठवणावळ जास्त. त्या दिवशी मी पेटी उघडली आणि ग्रंथ पिशवीत घालून नदीपलीकडच्या वस्तीत त्याच्या घरी गेलो.

त्याची बायको अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं. एका दमात, जसं इथे लिहिलं तसं. तिचं सूप मध्येच थांबलं होतं.

"त्याईले मालूम होतं? पुस्तक तुमच्या घरी हाये म्हनून?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागलो.

"मले वाटे, याईनंच इकलं असन," ती म्हणाली. "इतके वर्सं वाटे. एक डाव भांडनात बोललीबी मी. चोट्टा म्हनलं."

"मग?"

"काई नाई. जेवून राह्यले होते, ताटावरून उठले."

मी पिशवी पुढे केली. तिने हात लावला नाही. "माह्या घरात जागा नाई त्याले. जिथून नेलं तिथं नेऊन ठेवा. अन् हे पाहा, कागदात कुठं त्याईचं नाव नोका लिहू. लोकं इसरले हायेत. पुन्यांदा सुरू नोका करू."

म्हणून नाव नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. आता तिथे एक तरुण ग्रंथपाल मुलगी आहे. मला पाहून उभी राहिली. "सर, तुमच्यासारखे ग्रंथपाल आता कुठे!" म्हणाली. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. तिने संगणकात नंबर टाकला.

"सर, हे तर गहाळ दाखवतंय. गहाळ झालेलं परत घेता येत नाही, निर्लेखित झालंय, म्हणजे यादीतून कायमचं कमी. पण तुम्ही भेट म्हणून द्या ना. मी नवा नंबर देते. दात्याचं नाव तुमचं घालते, आत पट्टी लावू."

मी तिलाही सगळं सांगितलं. ती ऐकत असताना तिचा हात कीबोर्डवरून मांडीवर गेला. मग म्हणाली, "सर, पण हे मी लिहू कुठे? शेऱ्यात एवढं मावत नाही."

मी जुनी नोंदवही मागितली. तिने आतून शोधून आणली. माझं अक्षर अजून ठसठशीत होतं. मी पेन काढलं, तशी ती घाबरून म्हणाली, "बंद नोंदवहीत खाडाखोड नाही करता येत, सर. तुमचाच नियम आहे. तो बघा, भिंतीवर आहे अजून."

होता. संदर्भग्रंथाच्या नियमाखालीच.

तिला माझी कीव आली असावी. भेटीचा छापील अर्ज तिने माझ्यापुढे सरकवला आणि मृदू आवाजात समजावलं, "इथे फक्त सही करा. किमतीचा रकाना रिकामा सोडा. भेट आहे ना, किंमत लागत नाही."

मी पेन खाली ठेवलं. पुस्तक उचललं आणि बाहेर व्हरांड्यात आलो.

ती आलमारी व्हरांड्यात उभी होती. काच फुटलेली, वरच्या खणात झाडू आणि तुटक्या खुर्चीचे हात. तिसऱ्या खणाच्या टोकाला वाळवीची मातीची रेघ होती. रॉकेल मी कधीच मारलं नव्हतं. मी रुमालाने तो कोपरा पुसला आणि पुस्तक तिथे उभं केलं. नेमकं बसलं. बोटाच्या पेराने पाठीवर दोनदा वाजवलं. तो काय म्हणायचा, ते मला ठाऊक होतं. तोंडातून निघेना.

"ओ बाबाजी," फाटकाजवळून चौकीदार ओरडला, "त्या आलमारीत काई ठेवू नका. भंगारवाला येऊन राह्यला तिले न्याले."

मी पुस्तक काढून पिशवीत घातलं.